कापसाच्या खोलीतलं गाणं

देऊळघाटचे बुवा आमच्या ओसरीवर येऊन बसले तेव्हा त्यांच्या गळ्याभोवती उपरणं घट्ट गुंडाळलेलं होतं. पौषातली थंडी होती, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. चहा झाला, पिकापाण्याचं बोलून झालं. मग त्यांनी उपरणं सोडलं, माझ्या यजमानांचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

“लागते का हाताले, मास्तर?”

मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहत होते. यजमानांनी हात काढला नाही.

“अकोल्याचा डॉक्टर म्हने, कापा लागते. म्या म्हनलं, काप बापा. मंग म्हने, गाठ जाईन, पन आवाज राहीन का नाही ते मले सांगता येत नाही. सोमवारी बलावलं हाय.” बुवांनी उपरणं पुन्हा गुंडाळलं. “तवा त्याच्या आंधी माह्यं इहिरीचं गानं तुमच्या मशीनीत भरून घ्या. येवढंच काम हाय.”

तो गुरुवार होता, दुपार टळून गेली होती. शनिवारी दुपारच्या एसटीनं त्यांना निघायचं होतं, आणि आमचा सगळा कापूस शुक्रवारी सकाळी खामगावच्या बाजाराला जायचा होता. कापसाचा आणि गाण्याचा काय संबंध, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझं माहेर दुसरबीडचं. वडिलांचं दुकान रस्त्याला लागून, आणि दुकानामागच्याच खोलीत आम्ही राहायचो. दिवसभर गाड्या जायच्या. मेहकरकडून येणारी एसटी कोणती, जालन्याकडून भरून आलेला ट्रक कोणता, कुणाच्या बैलगाडीचं चाक सुटायला आलंय, हे मी आत पाटावर बसून सांगायची. वडील त्याची गंमत करायचे, गिऱ्हाइकांना ऐकवायचे. आपल्या कानात काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मी गायचे नाही, मला गाता येतही नव्हतं. पण एखादा आवाज कुठून येतो, कशावर आपटतो, कुठे विरतो, याचा नाद मात्र मला लागला होता.

लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले तेव्हा महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. गावात वीज नुकतीच आली होती. यजमान गावच्या शाळेत मास्तर होते, घरातही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांचा खरा जीव पेटीत. स्वतः चाली लावायचे, आसपासच्या गावांतले गाणारे धरून आणायचे. खामगावच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं मुंबईहून रिळांचं टेपरेकॉर्डर आणलं होतं, हौस फिटल्यावर ते अडगळीत पडलं होतं. मास्तरांनी ते त्याच्याकडून वापरायला मागून आणलं. लोखंडाच्या ट्रंकेएवढं धूड ते. चालू केलं की आतल्या दिव्यांचा उबट वास यायचा, आणि समोर एक हिरवा डोळा उघडायचा. आवाज मोठा झाला की तो डोळा मिटत जायचा. पूर्ण मिटला तर आवाज फाटला म्हणून समजायचं.

मास्तरांचे दोन्ही हात पेटीवर. मग मशीन चालवणार कोण? पहिले काही दिवस ते बटण दाबून पळत जाऊन पेटीशी बसायचे आणि सगळ्या टेपांच्या सुरुवातीला त्यांच्या पावलांचा आवाज यायचा. एकदा मी म्हटलं, “मी दाबते की.” तिथून मशीन माझ्याकडे आलं.

पण ओसरीवर घेतलेलं गाणं परत लावलं की हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं. मास्तर म्हणायचे मशीन जुनं आहे. मला ते पटत नव्हतं. एके दिवशी देवाच्या वातींसाठी कापूस आणायला मी मागच्या खोलीत गेले. कापूस वेचून आला की विकेपर्यंत तिथेच साठवायचा. तिन्ही भिंतींना छातीएवढा ढीग लागलेला. आत पाऊल टाकलं आणि माझ्या बांगड्यांचा आवाज नाहीसा झाला. हात हलवून पाहिला. टाळी वाजवली. टाळी वाजली ती तिथेच संपली, भिंतीकडे गेलीच नाही.

मी मास्तरांना हाताला धरून तिथे नेलं आणि टाळी वाजवायला लावली. त्यांनी दोनदा वाजवली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

अडचण होती मामाजींची. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांनी तरुणपणी खामगावात एका जिनिंग कारखान्याला लागलेली आग पाहिली होती. कापसात वायर न्यायची म्हटल्यावर ते जेवता जेवता थांबले.

“कापसात लाईट? येडा झाला काय बे?”

मास्तर सांगत राहिले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मध्ये पडल्या. शेवटी मामाजींनी परवानगी दिली ती अटी घालून. मशीन खोलीच्या बाहेर राहील. आत बिडी, चिमणी काही जाणार नाही. बलब राहील तो वर आढ्याशी, कापसापासून लांब. मास्तरांनी कबूल केलं. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, तिथे मशीन ठेवलं, मातीच्या भिंतीला भोक पाडून माईकची वायर आत सोडली. मी बोळात बसायची, मशीनला जोडलेलं ऐकायचं बोंडूक कानात घालून आतलं ऐकत, डोळे हिरव्या डोळ्यावर. आतल्या पुरुषांच्या नजरेला मी पडत नव्हते, त्यामुळे घरातही कुणाची हरकत उरली नाही.

दोन हंगाम आम्ही त्या खोलीत गाणी भरली. भजनं, पोवाडे, लग्नातली गाणी, मास्तरांच्या स्वतःच्या चाली. कुणाला विकायला नाही, कुठे पाठवायला नाही. ज्याचं गाणं तो येऊन ऐकून जायचा. कोणतं कडवं पुन्हा घ्यायचं, ढोलकी किती मागे सरकवायची, हे हळूहळू मी ठरवायला लागले. सांगायची मात्र मास्तरांच्या तोंडून.

कापूस गेला की खोलीचा आवाज गेला. बुवांचं गाणं घ्यायचं तर शुक्रवारी कापूस खोलीतच हवा होता. मास्तर मामाजींच्या समोर जाऊन उभे राहिले.

“गाड्या शनिवारी नेल्या तर?”

मामाजी सुपारी कातरत होते. बुवा शेजारीच बसले होते. मामाजींनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, आणि सुपारीचं खांड त्यांच्या हातावर ठेवत म्हणाले, “एक दिवस. शनिवारी सकाळी गाड्या निंघतीन म्हंजे निंघतीन.”

बुवांचं विहिरीचं गाणं त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते पूर्ण फार थोड्यांनी ऐकलं होतं. तीन कडवी. पहिल्यात दोन भाऊ विहीर खोदायला घेतात. ‘खंद रे भावा खंद, अजून कोरडीच माती’ हे त्याचं धृपद. दुसऱ्यात खडक लागतो. तिसऱ्यात पाणी लागतं आणि शेताची वाटणी होते. ‘एका इहिरीले दोन मोटा, दोघाईच्या दोन वाटा.’ दोघे भाऊ विहिरीच्या दोन्ही बाजूंनी पाणी ओढतात आणि बोलत नाहीत. हे बुवांचं स्वतःचं होतं. त्यांचा भाऊ त्याच विहिरीच्या पलीकडे राहत होता. जत्रेत लोकांपुढे बुवा दोनच कडवी म्हणायचे.

“तिसरं नसलं,” गुरुवारी रात्री जेवताना ते मास्तरांना म्हणाले, “तं ते निस्तं मातीचं गानं हाय.”

शुक्रवारी दुपारची आम्ही वाट पाहत राहिलो. गावातली पिठाची गिरणी सुरू असली की वीज कमी पडायची, रिळं मंद फिरायची आणि गाण्याचा सूर हलायचा. गिरणीवाला दुपारी जेवायला घरी जायचा, दिवसा तेवढाच वेळ आमचा. गिरणीची टुकटुक थांबली तशी मास्तरांनी खोलीच्या खिडकीत गोधडी कोंबली, दार लावलं. आत तिघं होते, बुवा, पेटीवर मास्तर आणि ढोलकीवर मास्तरांचे शाळेतले एक सहकारी. बुवांच्या रिवाजाप्रमाणे आत उदबत्ती लागली. अट मोडू नये म्हणून ती पाण्याच्या लोट्यात उभी केली, हे मी दार लावण्याआधी पाहिलं.

मी जे पाहिलं नाही, मागाहून कळलं, ते असं. ऑपरेशनच्या धास्तीनं बुवांचे शब्द सुटत होते. म्हणून मास्तरांनी तिन्ही कडवी मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात दिली होती. आढ्याचा बलब त्या अंधारात पुरेना. दार लागल्यावर मास्तरांनी वायर सैल केली आणि बलब खाली घेऊन भिंतीच्या खुंटीला अडकवला. खुंटी ढिगाच्या अगदी कडेला होती. ढोलकी घुमायला लागली तशी ढिगावरचा थोडा सुटा कापूस सरकून बलबावर बसला असणार. कुणाला कळलं नाही. उजेड तसाच होता.

पहिलं कडवं सुंदर झालं. बुवांचा आवाज किंचित घोगरा होता, पण त्या घोगरेपणात माती उकरल्यासारखं काहीतरी होतं, आणि हिरवा डोळा पापणी खाली-वर करावी तसा हलत होता. आमच्याकडे कोरं रीळ एकच उरलेलं होतं. मी श्वासही जपून घेत होते.

दुसऱ्या कडव्याच्या मध्ये कुणीतरी खोकलं. दाबलेला खोकला. ढोलकीवाल्यांचा वाटला. चालेल, मी मनात म्हटलं, ढोलकीत बुडेल. मग बुवाच ओळीच्या शेवटी अडखळले. घसा खाकरला, पुढची ओळ उचलली. आवाज आणखी जड झाला होता. मला वाटलं गाठ बोलतेय. आता आवाज इथेच बसतो की काय म्हणून मी बोंडूक कानात आणखी दाबलं.

तेवढ्यात वास आला.

मी आधी मागे वळून चुलीकडे पाहिलं. चुलीत नुसती राख होती, आत्याबाई परसात होत्या. मशीनवर हात ठेवला, मशीन रोजच्याइतकंच तापलेलं. त्याचा वास मला ओळखीचा होता, हा तो नव्हता. हा लुगड्याचा काठ विस्तवाला लागावा तसा होता. मी गुडघ्यावर येऊन वायरच्या भोकाला नाक लावलं. वास तिथून येत होता.

कानात तिसरं कडवं सुरू झालं होतं.

थांबवलं तर बुवा पुन्हा गाऊ शकतील का, ठाऊक नाही. गिरणी कोणत्याही क्षणी सुरू होईल. वास कदाचित उदबत्तीचा असेल, कागदाचं टोक तिला लागलं असेल, मास्तर आत आहेत, त्यांना दिसेलच. हे सगळं माझ्या मनात आलं. रिळं एखाददुसरा वेढा फिरली असतील. मग मामाजींचा जेवता जेवता थांबलेला हात मला आठवला, आणि बोळाच्या भिंतीवरचा मेन स्विच मी दोन्ही हातांनी खाली ओढला.

हिरवा डोळा विझला. आतलं गाणं तुटलं.

“लाईट गेली,” आतून मास्तरांचा वैतागलेला आवाज आला. मग ढोलकीवाले म्हणाले, “मास्तर, ते लाल काय हाय तिथं?”

खिडकीत गोधडी, दार बंद, आत मिट्ट काळोख. उजेड असता तर दिसलंच नसतं. ढिगाच्या पोटात, खुंटीच्या खाली, एक लाल जागा श्वास घेतल्यासारखी फुलत होती.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ओसरीवरून मामाजी आले ते धोतर खोचतच. बुवांना ओढून बाहेर काढलं होतं, मास्तर घागर घेऊन आत धावत होते.

“पानी नोको!” मामाजी ओरडले. “पानी वरच्या वर वाहून जाते, आत आग तशीच राह्यते! कापूस काढा बाहीर! बाजूचा आंधी काढा!”

मग लहानथोर असं कुणी राहिलं नाही. सतरंजी, चादरी, आत्याबाईंचं लुगडं, जे हाताला लागलं त्यात कापूस भरून आम्ही अंगणात नेऊन ओतत होतो. मी डोक्यावरचा पदर कंबरेला खोचला होता आणि सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून ढिगात हात घालत होते. शेजारच्या घरातली माणसंही आली. धुरानं डोळे उघडेनात. मामाजींनी गोणपाट पाण्यात बुडवून हातांना गुंडाळलं, लाल जागेच्या बाजूंनी हात आत घातले, आणि तो जळता गोळा लेकरू उचलावं तसा छातीशी धरून बाहेर धावले. गुरांच्या पाण्याच्या हौदात त्यांनी तो दाबून धरला. पाणी फसफसलं. ते हात वर काढायला तयार नव्हते, मास्तरांनी त्यांना मागे ओढलं.

आग विझली असं तरीही म्हणता येत नव्हतं. कापसातली ठिणगी आत आत जाते आणि कितीही वेळ गप्प राहते, हे मामाजींना माहीत होतं. म्हणून दिवस मावळेपर्यंत आम्ही अंगणात पसरलेला कापूस मूठमूठ उचलून तळहातावर दाबत होतो, कुठे ऊब लागते का पाहत. उन्हानं तापलेला कापूसही उबदारच लागायचा. प्रत्येक वेळी ती मूठ उकलून पुन्हा पाहावी लागायची. बुवाही एका कोपऱ्यात बसून तेच करत होते, उपरणं तोंडाला बांधून.

शेवटी मामाजी उठले. त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फोड आले होते, आत्याबाईंनी त्यांवर खोबरेल लावलं.

“बलब खाली कोनं घेतला?”

“मी,” मास्तर म्हणाले.

“काऊन?”

“बुवांना अक्षर दिसत नव्हतं.”

मामाजींनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “ते मशीन उद्या गाडीत ठेवा. ज्याचं हाय त्याले वापस करा. माह्या घरात आता गानं नोको.”

मी बोळात गेले आणि मशीनवर पडलेली राख पुसायला लागले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

थोड्या वेळानं बुवा बोळाच्या दाराशी आले. धुरानं त्यांचा आवाज आणखी बसला होता. “माय, झालं तेवढं तरी आयकव. म्या माह्यं गानं कवाच आयकलं नाही.”

मास्तरांनी खोलीतली वायर तोडून टाकली आणि मेन वर केला. दिवेलागणीची वेळ होती, गिरणी बंद झाली होती. मी रीळ मागे फिरवून लावलं. बुवा मशीनसमोर उकिडवे बसले. पहिली ओळ ऐकली आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “हे कोन गाते?”

“तुम्हीच.”

ते मशीनकडे आणखी सरकले. दुसरं कडवं, खोकला, जड झालेला आवाज. तिसऱ्याची पहिली ओळ. आणि मग मेन ओढल्याची जागा आली. मोटर मंदावत मंदावत थांबलेली, त्यामुळे टेपवर बुवांचा आवाज एकाएकी बारीक होत वर चढला, लेकराच्या किंकाळीसारखा, आणि संपला. ओसरीवर मामाजी हात समोर धरून बसले होते. त्यांनीही ते ऐकलं.

“तिसरं राह्यलं,” बुवा म्हणाले आणि उठून गेले.

सकाळी गाड्या अंगणात लागल्या, गिरणी अजून सुरू व्हायची होती. कापूस पुन्हा भरला जात होता. गोठ्याच्या बाजूनं बुवांचा आवाज येत होता. हळदीचं दूध पिऊन ते गळा लावून पाहत होते. आवाज फुटत होता, पण होता. दुपारी ते निघणार होते. मास्तर मशीनभोवती दोरी आवळत होते.

लग्न झाल्यापासून मी मामाजींशी सरळ बोलले नव्हते. लागलं तर आत्याबाईंकडून सांगायची. त्या सकाळी मी अंगणात गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

“मामाजी, एक कडवं राहिलंय. इथं अंगणात घेते. वायर ओसरीवरून आणीन, कापसाजवळ नेणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी भरणारे गडीही थांबले.

“म्या काल काय सांगतलं?”

“मशीन गाडीत ठेवा म्हणालात. पण गाड्या भरून व्हायच्यात अजून.”

मामाजींनी भरत आलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग गड्यांकडे वळून म्हणाले, “तमाखू खा रे जराकसा.” आणि मला, “लवकर आटप.”

मास्तर हळूच म्हणाले, “अंगणात आवाज वेगळा येईल. जोडला तर कळेल.”

“कळू दे,” मी म्हटलं.

मी बुवांना भरलेल्या दोन गाड्यांच्या मध्ये, ओसरीच्या तोंडाशी बसवलं, शेजारी पेटी घेऊन मास्तर, आणि पुढे नुसता माईक. विजेची वायर आणि मशीन ओसरीवर, मी त्याच्याजवळ, सगळ्यांसमोर. कानात बोंडूक घातलं आणि लगेच हात वर केला. बैल मान हलवत होते, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या बुवांपेक्षा मोठ्या ऐकू येत होत्या.

“घंट्या,” मी म्हटलं.

मामाजी उठले. भाजलेल्या हातांनी त्यांनी गाडीतला मूठभर कापूस घेतला आणि एकेका बैलाच्या घंटेत कोंबला. मग दोन बैलांच्या मध्ये, त्यांच्या वशिंडांवर कोपर टेकवून, ते उभे राहिले.

बुवा गायले. ‘एका इहिरीले’ म्हणताना आवाज ठीक होता. ‘दोन मोटा’ला तो चिरला, दोन सुरांत फाटला. मास्तरांनी पेटीवरची बोटं उचलली, पुन्हा सुरुवात करायला. मी हातानं खूण केली, चालू द्या. बुवा थांबलेच नव्हते. हिरवा डोळा जवळजवळ मिटत होता आणि उघडत होता. कडवं संपलं आणि थोड्याच वेळात गिरणी सुरू झाली. दुसऱ्यांदा घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

गाड्या निघाल्या तेव्हा मशीन ओसरीवरच होतं. मामाजी त्याच्याजवळून दोनदा गेले. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी लाईनमनला बोलावून आढ्याशी जाळीच्या पिंजऱ्यात बलब बसवून घेतला, आणि कुणी गायला आलं की आधी स्वतः आत जाऊन सगळा ढीग पाहून यायचे. मग म्हणायचे, “हं, गाऊ द्या.”

मी ब्लेडनं टेप कापली. तिसऱ्याची तुटकी ओळ आणि ती किंकाळी काढून टाकली आणि अंगणातलं कडवं चिकटपट्टीनं जोडलं. जोड कळतो. खोलीतला आवाज गच्च, कानाशी बोलल्यासारखा. मग एकदम चिमण्या, मोकळी हवा, कुठेतरी बादली ठेवल्याचा आवाज. ती माझी पहिली जोडलेली टेप. पुढे मी कितीतरी जोडल्या, यापेक्षा सफाईदार.

बुवांचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. ही बातमी आम्हाला मास्तरांच्या एका ओळखीच्या माणसानं सांगितली. बुवा स्वतः बरेच दिवस आले नाहीत.

त्यांच्याआधी त्यांचा भाऊ आला. उन्हाळ्याच्या तोंडाला एक उंच, सुकलेला माणूस ओसरीच्या पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, “इहिरीचं गानं इथं हाय म्हन्तेत.” मास्तर शाळेत होते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, रीळ लावलं. पहिली दोन कडवी त्यांनी भिंतीकडे पाहत ऐकली. तिसरं लागलं तशी त्यांची बोटं गुडघ्यावर आवळली गेली. बंद करू का, असं विचारायलाही मन धजेना. गाणं संपलं.

“आणखीन एकडाव लावा.”

मी पुन्हा लावलं. या वेळी ते मध्येच म्हणाले, “चूक हाय.”

“काय चूक?”

“तो म्हन्ते पानी त्याले दिसलं. पानी आंधी मले दिसलं. तो तं वरतं होता, दोर धरून. खाली म्या होतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. “हे बदलता येते काय मशीनीत?”

“मशीनमध्ये नाही येत,” मी म्हटलं. “ज्यानं केलं त्यालाच सांगावं लागेल.”

ते उठले. चहाला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत.

दिवाळीनंतर, नवा कापूस खोलीत यायला लागला तेव्हा बुवा आले. बोळात माझ्या शेजारी बसले. त्यांचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागे, म्हणून मी एक कान मशीनला आणि एक त्यांना असं बसले होते. तुमचा भाऊ येऊन गेला, असं मी सांगायच्या आतच त्यांनी मान हलवली.

“आलता माह्याकडे,” ते कुजबुजले. “इतक्या वर्सानं घरात आला आन् बसल्या बसल्या म्हने, पानी मले दिसलं. म्या म्हनलं, खोटं. दिवस बुडेपर्यंत भांडलो आमी. त्याचा आवाज मोठा, माहा तं निंघतच नाही. हरलो मी.”

त्यांना हसू येत होतं. आत मास्तरांनी पेटीचा सूर धरला होता, एक नवा गाणारा घसा साफ करत होता. बुवांनी माझ्या हातावर टिचकी मारली आणि हिरव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. मी बटण दाबलं.